अ तुकडी, ब तुकडी

१५ डिसेंबर

गेल्या वर्षअखेरच्या सुट्टीत जेवणाच्या टेबलावर एक बशी फुटली. तेव्हापासून माझी दोन मुलं एकमेकांशी बोललेली नाहीत. थोरला लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत साहेब आहे, चिंगी दवाखान्यात लोकांचं रक्त तपासते. दोघांच्याही हाताखाली माणसं आहेत आणि दोघंही पहिलीतल्या पोरांसारखी गाल फुगवून बसली आहेत. भांडण बशीवरून नव्हतं हे मलाही कळतं, पण कशावरून होतं ते कळत नाही. थोरला नुसतं म्हणाला, “बशी इकडे दे.” चिंगी म्हणाली, “सगळं तोच करतो ना, मग बशीही त्यालाच उचलू द्या,” आणि बशी टेबलावर आपटली. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने ती गेली.

यंदा सव्वीस तारखेला दोघंही आठवडाभर येतायत. हे ऐकून यांनी पेपर खाली ठेवला. “कसं काय जमवलंस, अगं?”

सोपं होतं. थोरल्याला सांगितलं, चिंगी म्हणत होती, दादा आला तर बरं वाटेल. चिंगीला सांगितलं, दादा म्हणत होता, चिंगी आली तर बरं वाटेल. दोघंही हो म्हणाली. यात खोटं असं काही नाही. तोंडाने म्हणाली नसतील, पण मनात असणारच. आईला नाही कळणार तर कुणाला?

या आठवड्यात मिटलं नाही तर मग मिटणार नाही. आमच्या माघारी ही दोघं रस्त्यात भेटली तर ओळख तरी दाखवतील का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून वही काढली आहे. मोहीम हाती घेतली की नोंद हवी.

१७ डिसेंबर

चिंगीचा फोन आला. या महिन्यातला पहिला. “आई, वेळच मिळत नाही गं,” म्हणाली. मी काही बोलले नाही. एवढंच म्हटलं की दादाचा तर रोज येतो, कामावर जायच्या आधी. ती म्हणाली, “हो का? बरं,” आणि दोन मिनिटांत फोन ठेवला.

ही माझी शाळेतली जुनी युक्ती. एकतीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची बारा उपमुख्याध्यापिका म्हणून. अ तुकडीला सांगायचं, ब तुकडी पुढे गेली. ब तुकडीला सांगायचं, अ तुकडी पुढे गेली. दोन्ही तुकड्या मान मोडून अभ्यास करायच्या. घरी आल्यावर मी हे मोठ्या कौतुकाने सांगायचे आणि मुलं हसायची. थोरल्यालाही मी अधूनमधून सांगतेच की चिंगीचा रोज फोन येतो, अगदी न चुकता.

“थोरल्याचा शेवटचा फोन कधी आला होता?” पेपरामागून आवाज आला.

“तुम्ही पेपर वाचा,” मी म्हटलं.

मागच्या महिन्याच्या एकोणतीस तारखेला आला होता. संध्याकाळी सातच्या सुमारास मी फोन आपला जवळच्या स्टुलावर आणून ठेवते. वाट बघते असं नाही. हाताशी असलेला बरा.

२० डिसेंबर

वेळापत्रक तयार केलं. शाळेचं वेळापत्रक मीच करायचे. सव्वीस वर्ग, चाळीस शिक्षक, आणि एकाही शिक्षकाला मी कधी एका वेळी दोन वर्गांत पाठवलं नाही. तेव्हा पाच मोठी माणसं आणि एक नात म्हणजे डाव्या हाताचा मळ.

मुख्य सूत्र असं की थोरला आणि चिंगी यांना तिसरं माणूस असल्याशिवाय एका खोलीत येऊ द्यायचं नाही. सकाळी चिंगी माझ्याबरोबर बाजारात, तेव्हा थोरला माळा आवरणार. दुपारची भांडी थोरला आणि सूनबाई, संध्याकाळची मी आणि चिंगी. फिरायला जायच्या वेळाही वेगळ्या. आठवडाभर भांडले नाहीत की सवय होईल. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं.

पेन्सिलीने कच्चं केलं आणि शाईने पक्कं करायला यांच्याकडे दिलं. मोजणी खात्यात नकाशे काढण्यात यांचा जन्म गेला. यांच्या हातून कधी नदी इकडची तिकडे झाली नाही. कागद बराच वेळ बघून म्हणाले, “ही दोघं समोरासमोर कधी येणार?”

“तेच तर नाही आणायचं.”

“बरं,” म्हणाले आणि शाईची बाटली उघडली. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, हा माणूस ‘बरं’ सोडून काही बोलला असेल तर मला आठवत नाही.

२४ डिसेंबर

वेळापत्रक जेवणाच्या खोलीत लावलं. अक्षर छापल्यासारखं. कच्चा कागद परत मागितला, तर म्हणाले, “टाकला असेल कुठेतरी.” निवृत्तीनंतर माणूस असा होतो.

शेजारी दुसरा कागद मी स्वतः लावला. ‘या आठवड्यात न बोलण्याचे विषय.’ एक, चिंगीचं लग्न. दोन, थोरल्याचं पोट. तीन, सूनबाईंच्या आईचा स्वयंपाक. चार, बाबांचं कानातलं यंत्र. पाच, गेल्या वर्षीची बशी. हे वाचून यांनी विचारलं, “मग बोलायचं काय?” हवापाण्यावर बोलता येतं. थंडी एवढी पडली आहे की दोन दिवस सहज निघतील.

२६ डिसेंबर

आली. थोरला, सूनबाई आणि नात दुपारच्या गाडीने, चिंगी संध्याकाळच्या बसने. नात आठ वर्षांची आहे. मी तिला प्रश्नपत्रिका म्हणते, कारण ती थांबत नाही.

दारात थोरला म्हणाला, “आलीस?” चिंगी म्हणाली, “आले.” वर्षभरानंतरचं हे संभाषण. त्यानंतर दोघंही मूग गिळून बसली.

जेवताना सगळा कारभार प्रश्नपत्रिकेमार्फत.

“आत्याला सांग, मीठ इकडे दे.”

“आत्या, बाबा मीठ मागतायत.”

“बाबांना सांग, मीठ त्यांच्या कोपराजवळच आहे.”

“बाबा, मीठ तुमच्या कोपराजवळ आहे.”

“आत्याला सांग, त्यात काही नाही.”

इथे प्रश्नपत्रिकेने चमचा खाली ठेवला. “तुम्ही दोघं शेजारी शेजारी बसला आहात. मला सूप पिऊ द्या.”

सूनबाई हसली आणि मग खोकल्याचं सोंग केलं. ती ग्रंथालयात काम करते, त्यामुळे आवाज दाबण्याची तिला सवय आहे. यांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. भांडणाचा वास आला की हे असंच करतात.

२७ डिसेंबर

हवापाणी नाश्त्यालाच संपलं. थंडी आहे, हो आहे, काल जास्त होती, नाही आज जास्त आहे. यावरूनही पेटेल असं वाटलं म्हणून मी विषय बदलला. पण बदलून आणणार कुठून? सगळे विषय भिंतीवर.

दुपारी प्रश्नपत्रिकेने तो कागद मोठ्याने वाचून काढला. “दोन, थोरल्याचं पोट. म्हणजे बाबांचं पोट? त्याबद्दल बोलायचं नाही? आई तर रोज बोलते.”

“मी तब्येतीबद्दल बोलते,” सूनबाई म्हणाली. “आणि आई, तिसऱ्या क्रमांकाबद्दल मला जरा विचारायचं होतं. माझ्या आईच्या स्वयंपाकाला काय झालं?”

“काही झालेलं नाही. म्हणूनच बोलायचं नाही,” मी म्हटलं. खाई त्याला खवखवे, पण इथे उलट झालं. स्वयंपाक तिच्या आईचा आणि घसा माझा.

“पाच, गेल्या वर्षीची बशी. आजी, बशीला काय झालं?”

“फुटली.”

“कुणी फोडली?”

एकदम सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. चिंगीचे कान लाल झाले. थोरल्याने भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत नेला आणि तिथेच धरून ठेवला.

“मी,” हे म्हणाले. हे तर बशीपासून चार हात लांब बसले होते. आणि कानातलं यंत्र खिशात असताना प्रश्न ऐकू आला कसा, कोण जाणे. चिंगीने बाबांकडे बघितलं, मग पाण्याचा तांब्या उचलून सगळ्यांना पाणी वाढलं. थोरल्यालाही वाढलं. तो म्हणाला, “पुरे.” थेट तिलाच म्हणाला. मी मुद्दाम नोंद करून ठेवते आहे.

२८ डिसेंबर

आज माझी मान खाली गेली. जेवण झालं आणि थोरला बाह्या वर करून भिंतीपाशी गेला. वाचलं आणि तिथेच थबकला. मागून चिंगी गेली, तीही थबकली. मी चष्मा लावून बघितलं. ‘दुपार, दोन ते तीन. भांडी. थोरला, चिंगी.’

एकतीस वर्षांत हे झालं नव्हतं. चाळीस शिक्षक सांभाळले आणि पोटच्या दोन पोरांत घोळ घातला.

“चूक झाली आहे,” मी म्हटलं. “सूनबाई, तू जा.”

“आई, एकदा लागलेल्या वेळापत्रकात बदल नाही,” थोरला म्हणाला. “शाळेत तू कुणाला बदलू द्यायचीस?”

“तेच म्हणते मी,” चिंगी म्हणाली. वर्षभरात ही दोघं पहिल्यांदा एका मताची झाली, आणि तेही माझ्याविरुद्ध.

स्वयंपाकघराचं दार लागलं. मी आणि सूनबाई बाहेर बसलो. तिच्या हातात पुस्तक होतं, पण पान काही उलटत नव्हतं. दहा मिनिटं नुसता भांड्यांचा आवाज, तोही पातेली फुटावीत असा. मग थोरल्याचा आवाज आला, “मी? रोज?” मग चिंगीचा, “कोण म्हणालं?” आणि मग काहीच नाही. नळसुद्धा बंद झाला. इतका वेळ शांतता होती की मी उठून दाराच्या कडीला हात घातला.

तेवढ्यात आत हसू फुटलं. साधं नव्हे, लहानपणी अंथरुणात एकमेकांना गुदगुल्या करून हसायची तसं. दार उघडलं तर चिंगी ओला डाव हातात घेऊन जमिनीवर बसलेली आणि थोरला सिंक धरून उभा. दोघांच्या डोळ्यांत पाणी.

“काय झालं?”

“काही नाही, आई,” थोरला म्हणाला. “ब तुकडी फार पुढे गेली आहे.”

“अ तुकडीपेक्षा कमीच,” चिंगी म्हणाली, आणि पुन्हा सुरू.

माझ्या शाळेच्या गोष्टी त्यांना अजून आठवतात हे बघून बरं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला. बाहेर येऊन यांना सांगितलं, “ऐकलंत का, मुलं बोलायला लागली. माझ्या चुकीने का होईना.” हे म्हणाले, “बरं.”

२९ डिसेंबर

वेळापत्रक कुणी पाळत नाही. थोरला आणि चिंगी सकाळी दोघंच बाजारात गेली आणि कोबी आणायला सांगितला होता तो विसरून दीड तासाने आली.

दुपारी मी बटाटे सोलत होते. थोरला येऊन उभा राहिला. “आई, चिंगीचा फोन येतो का गं तुला?”

“येतो की. रोज,” मी म्हटलं. “अगदी न चुकता.”

“किती वाजता?”

“सात वाजता.”

“कमाल आहे तिची,” म्हणाला आणि गेला. अर्ध्या तासाने चिंगी आली. सुरी माझ्या हातातून घेऊन बटाटे सोलायला लागली. मग म्हणाली, “आई, दादाचा फोन येतो का गं तुला?”

“रोज. कामावर जायच्या आधी.”

“काय बोलतो?”

“काय बोलणार, माझी तब्येत विचारतो. फार जीव आहे त्याचा.”

तिने मान हलवली आणि खाली बघून सोलत राहिली. बटाटा सोलून सुपारीएवढा झाला तरी थांबेना. पलीकडे हे चहा पीत बसले होते. यांना एकदम ठसका लागला आणि चहा नाकात गेला. यंत्र खिशात होतं, तेव्हा आमच्या बोलण्याचा काही संबंध नाही. चहा गरम असेल.

बघा मात्र, दोघांनी एकच प्रश्न विचारला. आता मनापासून एकमेकांची चौकशी करायला लागली आहेत.

३१ डिसेंबर

शेवटचं मोठं जेवण. भाजलेले बटाटे, कोबी आणि सूनबाईने केलेला केक. केक तिच्या आईच्या पद्धतीचा होता आणि चांगला होता. मी तसं बोलूनही दाखवलं. सूनबाई भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, “आई, तीन नंबर.” तेवढ्यात चिंगी खुर्चीवर चढली आणि तो कागदच काढून आणला.

“एकेक करून संपवू,” ती म्हणाली. “एक नंबर माझाच. मला सध्या कुणी आवडलेलं नाही. आवडला तर रक्त तपासून मग सांगेन.”

“दोन,” थोरला उभा राहून पोटावर हात फिरवत म्हणाला. “हे माझं आहे, मी कमावलेलं आहे, आणि याला कुणी लिफ्ट म्हणायचं नाही.”

“लिफ्ट वर तरी जाते,” चिंगी म्हणाली.

मग हे उठले. यंत्र खिशातून काढलं आणि सगळ्यांसमोर कानात बसवलं. “चार,” म्हणाले. “हे काढल्यावरही मला सगळं ऐकू येतं. दुकानदाराने महिन्याभरातच सांगितलं होतं की याची गरज नाही.” सगळे इतके हसले की मला रागवायला जागाच उरली नाही. चार वर्षं या माणसासमोर मी त्याच्याबद्दल बहिणीशी फोनवर बोलत आले आहे.

पाचवा विषय उरला. थोरला म्हणाला, “चिंगे, बशी मी आणून देतो.” ती म्हणाली, “अर्धी माझी.” अर्धी कशासाठी, ते कुणी बोललं नाही. माझे डोळे भरून आले. मी केक कापायच्या निमित्ताने आत गेले आणि तिथे जरा उभी राहिले.

२ जानेवारी

गेली. दोघंही एकाच गाडीने. चिंगीने बसचं तिकीट सोडून दिलं. जाताना थोरल्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “आई, तब्येतीला जप. मी रोज विचारतोच म्हणा.” चिंगीने त्याला कोपर मारलं. प्रश्नपत्रिकेने वेळापत्रक आठवण म्हणून मागितलं, मी देऊन टाकलं. घरात आता घड्याळाचा आवाज ऐकू येतो. तो आधीही येत असेल.

३ जानेवारी

जेवणाचं टेबल डुगडुगत होतं म्हणून खाली वाकले, तर पायाखाली घडी करून कागद घातलेला. उघडला. माझं कच्चं वेळापत्रक. अठ्ठावीस तारीख, दोन ते तीन, भांडी. ‘थोरला, सूनबाई.’ स्पष्ट, माझ्याच अक्षरात.

म्हणजे माझी चूक नव्हतीच. उतरवताना यांचा हात चुकला. ज्या माणसाने आयुष्यात एक नदी हलवली नाही, त्याला सरळ दोन नावं उतरवता येईनात. वय कुणाला सोडत नाही. यांना काही बोलले नाही, उगीच मनाला लागायचं. घडी करून कागद होता तिथे ठेवला. दुपारी शिरा करून घातला, तर विचारायला लागले, “आज काय विशेष?”

४ जानेवारी

संध्याकाळी सातला फोन वाजला. चिंगी. मी म्हटलं, “आज कशी काय?” तर पलीकडून थोरल्याचा आवाज. “मीही आहे, आई.” हल्ली दोघांना एकदम बोलता येतं म्हणे.

थोरल्याला चिंगीचं सांगावं तर चिंगी ऐकते आहे, चिंगीला थोरल्याचं सांगावं तर थोरला. “जेवलात का?” म्हटलं. सात वाजता कोण जेवतं?

“आई,” चिंगी म्हणाली, “आम्ही ठरवलंय. आता रोज सातला दोघंही फोन करणार.”

“कशाला एवढं?”

“तुझा शब्द खोटा पडायला नको म्हणून,” थोरला म्हणाला.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. या वेळी दोघं हसली मात्र नाहीत. मग चिंगी हळूच म्हणाली, “मला कधीपासून वाटायचं, दादा इतकं करतो आणि मी काहीच नाही.” थोरला म्हणाला, “आणि मला वाटायचं, हिला एवढा वेळ मिळतो, मलाच कसा नाही? तोंड दाखवायची लाज वाटायची गं, आई.”

फोन ठेवल्यावर मी स्टुलापाशी बसून राहिले. ‘सगळं तोच करतो ना.’ गेल्या वर्षीचं चिंगीचं ते वाक्य आज नीट ऐकू आलं. बशी तिने आपटली हे खरं, पण ती त्याच्या कितीतरी आधीपासून मीच तिच्या हातात देत होते. तुकड्या मान मोडून अभ्यास करायच्या, हे मी सगळ्यांना सांगत आले. त्या दोन तुकड्या मधल्या सुट्टीत एकमेकींशी बोलायच्या नाहीत, डबाही वेगळ्या झाडाखाली खायच्या, हेही मी रोज बघत होते. ते मात्र कधी कुणाला सांगितलं नाही.

साधं होतं. मला तुमची आठवण येते, फोन करा, एवढंच म्हणायचं होतं. एकतीस वर्षं भाषा शिकवली आणि ते एक वाक्य जमलं नाही.

५ जानेवारी

सातला फोन आला. दोघंही. आधी मीच बोलले. कालपासून पाठ करून ठेवलेलं ते वाक्य म्हटलं, थोडं अडखळत. मग चिंगी म्हणाली, “आम्हालाही येते गं,” आणि थोरल्याने नाक शिंकरलं. पुढे सांगण्यासारखं कुणाकडेच काही नव्हतं. चाळीस मिनिटं बोललो.

नवीन वर्षाचं माझं वेळापत्रक पेन्सिलीने केलं. सातच्या रकान्यात ‘फोन, दोघं’ असं घातलं आणि शाईने उतरवायला यांना दिलं. या वेळी मी शेजारी खुर्ची ओढून बसले आणि एकेका अक्षरावर नजर ठेवली. यांच्या हातावर आता भरवसा ठेवून चालणार नाही.